पंच क्रमांक दोन

नागपूरच्या इतवारीत माझं हार्डवेअरचं दुकान आहे, म्हणजे पंच म्हणून पोलिसांना मी हाताशीच. काही वर्षांपूर्वी एक हवालदार कागद घेऊन काउंटरवर आला. "एक सही करून द्या ना जी, दोन मिनिटाचं काम हाये." गिऱ्हाईक खोळंबलं होतं. न वाचता चार ठिकाणी सह्या ठोकल्या.

समन्स आलं तेव्हा कळलं की त्या दिवशी मी म्हणे आरोपीसोबत नाल्याकाठी गेलो होतो आणि त्याने झुडपातून तांब्याची तार काढून दिली ती डोळ्यांनी पाहिली होती! कोर्टाच्या व्हरांड्यात सरकारी वकिलांनी फाइल बहुधा पहिल्यांदाच उघडली. "पंचनाम्यात आहे तेवढंच सांगा." झाली तयारी. पिंजऱ्यात मात्र खोटं बोलवेना. सही दुकानातच केली, असं सांगून टाकलं. लगेच मी 'फितूर'.

तो आरोपी पोरगा निर्दोष सुटला. पण जामीनदार न मिळाल्याने तोवर चौदा महिने वर्धा रोडच्या जेलात काढून झाले होते. महिनाभराने दुकानात आला. वाटलं, आता शिव्या घालणार (घातल्या असत्या तरी चाललं असतं, सही माझीच होती). तर म्हणतो, "काका, माझी सायकल ठाण्यात जमा आहे, ती कोणाला मागू?"

मला काय माहीत! त्या हवालदाराला किंवा वकिलांना मात्र कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

खरं तर विचारायचा आदेश आहे. 7 जानेवारी 2014 रोजी किशनभाई प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सगळ्या राज्यांना बजावलं: प्रत्येक निर्दोष सुटकेनंतर पोलीस आणि अभियोग (म्हणजे सरकारी वकिलांच्या) खात्याच्या वरिष्ठांच्या समितीने निकाल तपासावा, चूक कोणाची ते ठरवावं, कारवाई करावी. जालना जिल्ह्यातल्या 2003 च्या खून प्रकरणात तर भटक्या जमातीतल्या सहा जणांना 2009 मध्ये सुप्रीम कोर्टाने फाशी सुनावली आणि 2019 मध्ये त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष ठरवलं. प्रत्येकी 5 लाख द्या म्हणाले. सरकारने, म्हणजे तुम्ही-आम्ही.

सामान्य माणसाला विनाकारण अटक झाली तर? नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही (म्हणजे अटक-खटल्याच्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यात), कलम 399, भरपाई जास्तीत जास्त 1000 रुपये. तीही पोलिसांनी नाही, ज्याच्या सांगण्यावरून अटक झाली त्याने द्यायची. हजारात नवी सायकलसुद्धा येत नाही हो.

1 जुलै 2024 पासून झडती-जप्तीचं, पंचांच्या सह्यांसकट, चित्रीकरण सक्तीचं आहे. चांगलंच झालं. पण चित्रीकरण केलंच नाही तर साहेबांचं काय होणार, हे कोणी सांगत नाही. सगळेच पोलीस तसे नसतात, मान्य. अठरा-अठरा तास राबणारेही माझ्या ओळखीत आहेत. म्हणूनच तर फाइल कोणी बिघडवली हे नावानिशी ठरायला हवं.

दहा रुपयांचं तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाकतोय. मागच्या वर्षी नागपुरात किती आरोपी निर्दोष सुटले, त्यातले किती निकाल समितीसमोर गेले, किती जणांवर कारवाई झाली. उत्तर द्यायला तीस दिवस असतात. आलं की इथेच टाकतो.