हातात किती पडत्यात?

कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला जा नाहीतर गंगावेशीत दूध प्यायला थांबा, ओळखीचं कुणी भेटलं की प्रश्न ठरलेला: "मग, हातात किती पडत्यात?" परवा जावळाच्या जेवणात पांढऱ्या रश्श्याची वाटी तोंडाला लावलेली, आणि शेजारच्या काकांनी सगळ्यांदेखत घराचा हप्ता विचारला! पगाराचा आकडा सांगितला तर "एवढ्यात भागतंय?", नाही सांगितला तर "लई भाव खातोय." अहो, मूळ पगाराचे 12 टक्के पीएफला जातात, मग हप्ता, आईची औषधं. हेच काका स्वतःच्या उसाचं बिल सख्ख्या भावाला सांगत नाहीत. पोराला कर्ज काढायचं असेल तर घरी या, व्याजदरापासून कागदपत्रांपर्यंत सगळं सांगतो. पण चारचौघांत माझा खिसा चाचपायचा नाही!