तिला गाऊ द्या की!

काल रात्रीपासून माझं डोकं फिरलंय. झोप नीट लागली नाही. सकाळी लोकलमध्ये हेडफोन लावून बसलो तर एक गाणं धड ऐकवेना. आणि हे सगळं कोणामुळे? ज्या माणसाबरोबर मी गेली बावीस वर्षं गाणी ऐकतोय त्याच्यामुळे.

काल दादरला आमच्या कॉलेजच्या टोळीची बैठक होती. मित्राचं घर, बटाटेवडे, एक गिटार, नेहमीची मंडळी. ताई गावाला गेलीय म्हणून भाची सध्या माझ्याकडे आहे, तिलाही घेऊन गेलो. सोळा वर्षांची आहे. जानेवारी २०२६ मध्ये महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर लिंकिन पार्क हा अमेरिकन रॉक बँड येणार असं जाहीर झाल्यापासून पोरीचे पाय जमिनीवर नाहीत. तिकिटाचे निम्मे पैसे तिने स्वतः दिलेत, भाऊबीजेची ओवाळणी आणि वाढदिवसाचं पाकीट साठवून. मी नको म्हणत होतो, तरी दिले.

कोणीतरी सहज विचारलं, "काय गं, तुला कुठलं गाणं आवडतं?" गायक चेस्टर बेनिंग्टनच्या मृत्यूनंतर बँडमध्ये एमिली आर्मस्ट्राँग ही गायिका आली, तिचं पहिलं गाणं तिने सांगितलं. हातातला वडा खाली न ठेवता माझा तो बावीस वर्षांचा दोस्त म्हणाला, "म्हणजे तू लिंकिन पार्क ऐकतच नाहीस. चेस्टर गेला तेव्हा बँड संपला. आता उरलाय तो ऑर्केस्ट्रा."

पोरीला वाटलं काका चेष्टा करतायत. हसली. मग याने परीक्षा सुरू केली. हायब्रिड थिअरी हा पहिला अल्बम कधी आला? तिने सांगितलं, ऑक्टोबर २०००. मीटिओरा? २००३. आणि मग ती अगदी साधेपणाने म्हणाली, "पण काका, चेस्टरच्या आधी मार्क वेकफील्ड गायचा ना? तेव्हा बँडचं नाव झीरो होतं. म्हणून तर नव्या अल्बमचं नाव फ्रॉम झीरो आहे."

खोलीत सगळे गप्प. माझी तर छाती फुगली. इथे एखाद्या मोठ्या माणसाने काय म्हणावं? "अरे वा, तुला माहितीये की!" एवढं म्हणायला काय जातं? हा म्हणाला, "गूगल करून आलीस वाटतं. चेस्टरची वेदना तुम्हाला काय कळणार? तुम्ही पाळण्यातसुद्धा नव्हता."

त्यानंतर ती एक शब्द बोलली नाही. वडा तसाच ठेवला, नुसता पाव कुस्करत बसली. रात्री दादर स्टेशनच्या पुलावर, त्या गर्दीत, मला विचारते, "मामा, मी माझं तिकीट विकून टाकू का?"

पेटलो मी. अजून विझलेलो नाही.

चेस्टर गेला ते दुःख तुमच्या एकट्याच्या मालकीचं आहे का? २१ जुलै २०१७ ची सकाळ मला अजून आठवते. बाहेर पाऊस होता, मी लोकलच्या दारात लटकलेलो, बाजूच्या अनोळखी पोराने ती बातमी दाखवायला मोबाईल माझ्यासमोर धरला आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. कुर्ला येईपर्यंत आम्ही दोघं काही बोललो नाही. तो पोरगा माझ्यापेक्षा किमान दहा वर्षांनी लहान होता. त्याला मी विचारायला हवं होतं का, की तू कधीपासून ऐकतोस, दाखव प्रमाणपत्र, मगच रड?

आणि वेदना कुणाला कळते हे जन्मसालावरून ठरतं? या पोरीची बारावी जवळ आली आहे, घरात काय चाललंय ते मला माहीत आहे. रात्री कान झाकून ती जे ऐकते ते तिला कळतं म्हणूनच ऐकते. आम्ही तिच्या वयाचे असताना हेच करत होतो, दार बंद करून.

बरं, इतिहासच काढायचा ना? काढू. चेस्टर स्वतः दुसऱ्याच्या जागी आलेला गायक होता. १९९९ मध्ये ॲरिझोनातून आला आणि आधीच्या गायकाच्या जागी उभा राहिला. २०१३ मध्ये स्टोन टेम्पल पायलट्स या बँडने आपला गायक स्कॉट वायलँडला काढल्यावर तिथे कोण गायला उभा राहिला? चेस्टर! दोन वर्षांहून जास्त गायला तो तिथे. रिकाम्या जागेवर उभं राहायला किती हिंमत लागते हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार? आणि तुम्ही त्याचंच नाव घेऊन एका बाईला हाकलून देता.

हो, बाईला. ते पण बोलून टाकतो. कारण शेवटी मुद्दा तिथेच आला. "त्या गाण्यांना बाईचा आवाज शोभत नाही," हे वाक्य काल आलंच, आणि माझ्या भाचीच्या तोंडावर आलं. ड्रमरसुद्धा बदललाय. रॉब बोर्डन परत आला नाही, कॉलिन ब्रिटन वाजवतो. गिटारवाला ब्रॅड डेल्सन रेकॉर्डिंगला असतो पण दौऱ्यावर येत नाही. यावरून कुणाचा आवाज चढलेला मी अजून ऐकला नाही. एमिलीबद्दल खरे प्रश्न आहेत, ते विचारा. एका खटल्याच्या सुनावणीला आरोपीच्या बाजूने गेली होती, पुढे तिने जाहीर सांगितलं की जायला नको होतं. त्यावर कोणी रागावलं तर मी समजू शकतो. पण काल त्यावर कोण बोलत होतं? कोणीच नाही. तिचा गुन्हा एकच, ती चेस्टर नाही.

ती चेस्टर व्हायला बघतही नाही. त्या पहिल्या गाण्यात आधी बँडचा जुना माणूस माइक शिनोडा गातो. सगळं एक कडवं तो एकटा घेतो, आणि मग ती येते. किती विचार करून दिलेली जागा आहे ती! बँडने आपल्या माणसाच्या जाण्यानंतर सात वर्षं थांबून, सप्टेंबर २०२४ मध्ये, इतक्या सांभाळून पाऊल टाकलं. ज्यांनी त्याच्याबरोबर बसमध्ये दिवस काढले, त्यांना परत गावंसं वाटलं. आणि दादरच्या सोफ्यावर बसलेला माणूस त्यांना सांगणार की तुमचा बँड संपला.

याच माणसाबरोबर मी १ फेब्रुवारी २००८ ला बीकेसीत आयर्न मेडन हा इंग्लिश बँड पाहिला. त्यांचा गायक ब्रूस डिकिन्सन स्टेजवर आला तेव्हा हा माझ्या खांद्यावर डोकं ठेवून ओक्साबोक्शी रडला होता. माझा शर्ट भिजला होता! ब्रूस कोण? १९८१ मध्ये पॉल डि'ॲनोच्या जागी आलेला. पहिले दोन अल्बम ब्रूसचे नाहीतच. तेव्हा नाही आठवला ऑर्केस्ट्रा. याच्या कपाटात एसी/डीसी बँडच्या बॅक इन ब्लॅक अल्बमचा टी-शर्ट आहे, तो धुवायलाही घरच्यांना देत नाही. त्यांचा गायक बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला, त्याच वर्षी जुलैमध्ये ब्रायन जॉन्सनच्या आवाजात तो अल्बम आला. पाच महिने! एसी/डीसीला पाच महिन्यांत माफी आणि यांना सात वर्षांनीही नाही? ऑझीच्या जागी डिओ गायला आला त्या ब्लॅक सॅबथ बँडवर हा तासभर भाषण देतो, तेही प्रेमाने. मग आता काय झालं?

आणि ऑर्केस्ट्रा ही शिवी कधीपासून झाली? गिरगावात गणपतीत आम्ही रस्त्यावर सतरंजीवर बसून ज्यांना ऐकलं ते लोक रात्री दोन-दोन वाजेपर्यंत गायचे, घसा बसला तरी गायचे, आणि समोरची आजी किशोरचं गाणं ऐकून डोळे पुसायची. तिला माहीत होतं की समोर किशोर नाही. त्या माणसांचं नाव असं थुंकल्यासारखं घ्यायचं नाही. निदान माझ्यासमोर.

माझे बाबा रॉक ऐकत नाहीत, पण या बाबतीत त्यांना जास्त कळतं. त्यांनी 'कट्यार काळजात घुसली' नाटकात वसंतराव देशपांड्यांचे खाँसाहेब डोळ्यांनी पाहिलेत, आणि त्यानंतर त्या भूमिकेत दुसऱ्या कुणाचं नाव काढलेलं त्यांना खपायचं नाही. नातवाने, राहुलने, ते नाटक परत उभं केलं तेव्हा मी त्यांना जवळजवळ ओढत नेलं. पहिला अर्धा तास हाताची घडी घालून बसले होते. मध्यंतराला चहासुद्धा घेतला नाही. शेवटी उभे राहून टाळ्या वाजवत होते, आणि घरी येताना टॅक्सीत फक्त एवढंच बोलले, "गाणं जिवंत आहे रे." वसंतराव त्यांच्या मनातून तसूभर हलले नाहीत.

आमच्या मित्राला मात्र प्रत्येक गोष्टीचं तेरावं घालायची घाई. शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनच्या खुल्या रंगमंचावरचे कार्यक्रम बंद झाले तेव्हा म्हणाला, मुंबईत रॉक संपलं. २०१६ मध्ये काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या गाण्यांच्या दुकानाचं शटर कायमचं खाली आलं तेव्हा म्हणाला, आता खरंच संपलं. मलाही रडू आलं होतं त्या दिवशी, माझी पहिली कॅसेट तिथली. पण त्यानंतर पोरांनी कुठे कुठे जागा शोधल्या, अंधेरीतल्या गाळ्यांमध्ये भिंतींना गाद्या ठोकून तालमी केल्या. यातल्या एकाही पोराला ऐकायला हा घराबाहेर पडला नाही. बोलवलं की ट्रॅफिक असतं. आणि कार्यक्रमाला आलाच तर नव्या गाण्याच्या वेळी मोठमोठ्याने गप्पा मारतो आणि जुनं लागलं की मोबाईल उंच धरून मागच्यांचा स्टेज झाकतो. मला ते डोक्यात जातं, वर्षानुवर्षं डोक्यात जातंय, आज सांगतोय.

आता मला हे इतकं का झोंबतं तेही सांगतो. आमच्या कॉलेजच्या बँडचा गायक शिकायला अमेरिकेला गेला आणि त्याच्या जागी मला उभं केलं. त्याचा आवाज माझ्यापेक्षा वरचा होता, मला मान्य आहे. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत मी पहिलं गाणं सुरू केलं आणि मागून त्याच्या नावाचा गजर सुरू झाला. तीन गाणी मी त्या गजरावर गायलो. हात थरथरत होते, माईकचा स्टँड धरून ठेवला होता. खाली उतरलो तेव्हा गिटार वाजवणाऱ्याने मला मिठी मारली आणि कानात म्हणाला, "तू नसतास तर आज आपण वाजवलंच नसतं." तो गिटार वाजवणारा म्हणजे कालचाच माणूस. हाच! ज्याला त्या दिवशी हे कळलं होतं तो काल एका सोळा वर्षांच्या मुलीसमोर असा वागतो? विसरलास तू?

यालाही तिकीट काढायचं होतं, तेही काढलंय त्याने. "जुन्या गाण्यांसाठी जातोय, ती गायला लागली की पाठ फिरवून उभा राहीन," असं काल सगळ्यांना ऐकवत होता. चेस्टरची आठवण काढायला हजारो लोक जमणार आणि त्याची गाणी जी बाई सगळ्यांसमोर उभी राहून गाणार तिच्याकडे हा पाठ करणार. कर. पण आमच्या आसपास उभा राहू नकोस.

तिकीट विकायचं नाही असं मी भाचीला सांगितलंय. आज सकाळी ती हेडफोन न लावताच क्लासला गेली. हे मला बघवत नाहीये.

सकाळपासून त्याचे तीन फोन आलेत. मी उचललेले नाहीत. माझ्याशी नको बोलूस. आधी तिला फोन कर.