दुसऱ्यांदा कोण बघतं?

दिवाळीत नौपाड्याला गेले की शाळेतली मैत्रीण तलावपाळीवर भेटतेच. ती ठाणे जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात मेडिकल ऑफिसर, मी इंग्लंडात मिडल्सब्रोला बालरोगतज्ज्ञ. २०२४ च्या ऑगस्टमध्ये शाळेतल्या चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचारानंतर बदलापूरला लोक रुळांवर उतरले, तेव्हापासून आमच्या गप्पांत पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा, येतोच. फाशी, सीसीटीव्ही, एफआयआरला झालेला उशीर, सगळ्यावर बोलून झालं. मुलाला तपासणारा डॉक्टर काय लिहितो आणि ते दुसऱ्यांदा कोण बघतं, हे मात्र कुणी विचारत नाही.

"अगं, नाइटला मी एकटी. तपासा, नमुने सील करा, प्रोव्हिजनल ओपिनियन द्या. पोलीस दारात. तो कागद मी परत बघते तो थेट कोर्टाचं समन्स आल्यावर."

इंग्लंडात आम्ही तिघं-चौघं डॉक्टर ठरावीक दिवशी बसतो. मुलाचं नाव झाकून फोटो, नोंदी, मत, सगळं एकमेकांपुढे ठेवायचं. एकदा एका भारतीय बाळाच्या कमरेवर 'मुका मार' अशी नोंद होती. फोटो पाहिला, तर जन्मापासूनचे निळसर डाग! आपल्याकडच्या कुठल्याही आजीने ओळखले असते.

पण इकडचे डोंगर जवळून काही फार साजरे नाहीत. १९८७ साली याच भागात काही महिन्यांत १२१ मुलांवर लैंगिक अत्याचार झाल्याचं निदान झालं. त्यातल्या बऱ्याच निदानांत गुदद्वाराच्या एका लक्षणाला फार वजन दिलं गेलं होतं. मुलं घरातून हलवली, बहुतेक पुढे परत गेली. हे लक्षण संशय घ्यायला पुरेसं आहे, पण तेवढ्याने अत्याचार सिद्ध होत नाही, असं एलिझाबेथ बटलर-स्लॉस यांच्या १९८८ च्या चौकशी अहवालाने म्हटलं. आणि तेव्हा दुसरं मत नव्हतं, असंही नाही. डॉक्टर दोघं होते. दोघंही एकाच विचाराचे.

म्हणून बैठकीत फक्त होला हो करणारे नकोत. एक्स-रे वाचणारा हवा, चिडवून प्रश्न विचारणाराही हवा. उलटी चूकही तिथेच पकडली जाते: 'इजा नाही' म्हणजे 'काही घडलं नाही' नव्हे. अत्याचार झालेल्या बहुतेक मुलांची तपासणी नॉर्मलच येते. आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनाही इजा नसण्यावरून निष्कर्ष काढू नका म्हणतात. तरी 'इजा नाही' ही एक ओळ कोर्टात आरोपीच्या कामी येते.

ठाण्यात महिन्यातून एकदा सिव्हिलचे, मेडिकल कॉलेजचे, खाजगी डॉक्टर ऑनलाइन बसले तर?

"बचावाचा वकील म्हणेल, डॉक्टरांनी मत फिरवलं."

"फिरलं तर तसं लिहायचं. कारण आणि तारीख घालून."

"तारीख घालते," ती भेळेचा कागद चुरगळत म्हणाली, "आधी माझ्या नाइटला दुसरी डॉक्टर घाल."