जकात काढली म्हणून हरामाचा पैसा पाक होत नाही

'लाच खा, जमीन बळकाव, वर अडीच टक्के जकात काढ, मशिदीला देणगी दे, हज करून ये. इस्लाममध्ये सगळं माफ!' असा मजकूर सर्रास फिरतो आहे. काही मुसलमानही तो खरा धरून चालतात, याचं जास्त वाईट वाटतं.

आधी जकात, म्हणजे कुवत असलेल्या मुसलमानानं दरवर्षी आपल्या मालातून गरिबांसाठी काढायचा ठरलेला वाटा. ती स्वतःच्या मालकीच्या मालावर लागते. लुबाडलेल्या पैशाचे तुम्ही मालकच नाही, तर जकात काढणार कशावर? हनफी पंथाच्या फकीहांनी (इस्लामी कायद्याच्या जाणकारांनी) स्पष्ट लिहिलंय की निव्वळ हरामाच्या मालावर जकात नाही, कारण तो अख्खाच सोडून द्यायचा असतो. अडीच टक्के देऊन साडेसत्त्याण्णव खिशात ठेवण्याची सोय कुठेही नाही.

देणगीबद्दल 'सहीह मुस्लिम' या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, आहे: अल्लाह पाक (शुद्ध) आहे आणि पाक तेच स्वीकारतो. मग असा पैसा गरिबांना वाटायला उलेमा (धर्मपंडित) का सांगतात? गफलत नेमकी इथे होते. मालक माहीत असेल तर पैसा त्यालाच परत जातो. तो वारला असेल तर वारसांना. दोन्ही अशक्य असेल तरच गरिबांना, आणि तेही मालकाच्या वतीनं. याला आधार म्हणून पैगंबरांचे सोबती अब्दुल्लाह इब्न मसऊद यांचा दाखला देतात. त्यांनी एक दासी विकत घेतली, पण किंमत चुकती होण्याआधीच विकणारा निघून गेला. वर्षभर शोधूनही तो सापडेना. तेव्हा ते एकेक-दोनदोन दिरहम गरिबांना देत आणि म्हणत, 'अल्लाह, हे त्याच्या वतीनं. त्याला मान्य नसेल तर हे माझं, आणि त्याचं देणं माझ्यावर.' हा तर हरामाचा पैसाही नव्हता!

व्याजाबाबत कुरआन (2:279) सांगतं की तौबा केलीत तर मुद्दल तुमचं. म्हणजे वरचं तुमचं नाही. खात्यात व्याज जमा झालंच तर ते सवाबची (पुण्याची) आशा न ठेवता गरजूंना द्यावं, असं बहुतेक उलेमा सांगतात.

हजनं बंद्यांचे, म्हणजे इतर माणसांचे, हक्क बुडत नाहीत. ज्याचं घेतलं त्याला परत द्यायचं, नाहीतर त्याच्याकडून माफ करून घ्यायचं.

'लाच नाही, भेट आहे' ही पळवाटही जुनीच. पैगंबरांनी जकात गोळा करायला पाठवलेला इब्नुल लुत्बिय्या परत येऊन म्हणाला, 'हे तुमचं, हे मला भेट मिळालं.' पैगंबरांनी विचारलं, आईबापाच्या घरी बसून राहिला असता तर भेट आली असती का? लाच देणाऱ्याला परत करायची की गरिबांना द्यायची, यावर फकीहांत मतभेद आहेत. घेणाऱ्यानं ती ठेवून घ्यावी, असं मात्र कुणीच म्हणत नाही.