‘धूरबंदीत वुडबर्नर कसला सुचवता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इंग्लंडमधल्या स्मोक कंट्रोल एरियात, म्हणजे धूरबंदीच्या भागात, वुडबर्नर (घर उबदार ठेवायला लाकूड जाळायचा बंद स्टोव्ह) कसा निवडावा, या माझ्या लेखावर तुम्ही चांगलंच सुनावलंत. चार ओळींत उत्तर देऊन भागण्यासारखं नाही, म्हणून वेगळं लिहिते आहे. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही बर्मिंगहॅमला राहता. सगळं शहर धूरबंदीत येतं, तेव्हा तिथे लाकूड जाळायचा सल्ला म्हणजे कायदा मोडायचा सल्ला, हा तुमचा पहिला आक्षेप. ‘इको’ म्हणवणारा स्टोव्ह ट्रकच्या 750 पट धुराचे कण सोडतो आणि देशात हवेत जाणाऱ्या बारीक कणांपैकी 38 टक्के लाकडाचे असतात, हा दुसरा. दुकानदार 8 किलोवॅटचा सांगत असताना मी 4-5 चा का सांगते, हा तिसरा. चौथा वर्मी लागणारा आहे: ‘आईला चुलीसमोरून उठवायला आपण गावी गॅस घेतला आणि इथे येऊन हौसेने धूर करायचा?’ एवढं सगळं बोलून झाल्यावर शेवटी विचारलंत, की ऑनलाइन 150 पाउंडांत एक जुना वुडबर्नर मिळतोय, घेऊ का! त्याचंही उत्तर देते, पण शेवटी.

आधी कायदा. धूरबंदी म्हणजे लाकूडबंदी नव्हे. डिसेंबर 1952 मध्ये, 5 ते 9 तारखांना, लंडनवर जे काळं धुकं बसलं त्यात सुमारे 4,000 माणसं गेल्याचा तेव्हाचा अंदाज होता. नंतरच्या अभ्यासांनी तो 12,000 पर्यंत नेला. त्यातून 1956 चा क्लीन एअर अ‍ॅक्ट आला. तो धूर होता कोळशाचा, डोळ्यांना दिसणारा. म्हणून कायद्यानेही दिसणाऱ्या धुरालाच हात घातला: या भागात धुराड्यातून धूर निघता कामा नये. जाळायचं तर मान्यताप्राप्त धूरविरहित इंधन, नाहीतर ज्या उपकरणाला सूट मिळाली आहे त्यात, त्या उपकरणासाठी ठरवून दिलेलंच इंधन. लाकूड हे मान्यताप्राप्त इंधन नाही. त्यामुळे उघड्या फायरप्लेसमध्ये ओंडका टाकलात तर तुम्ही नियम मोडलात. डेफ्राच्या, म्हणजे इथल्या सरकारी पर्यावरण खात्याच्या, सूट मिळालेल्या उपकरणांच्या यादीतल्या स्टोव्हमध्ये सुकं लाकूड घातलंत तर नाही मोडलात. इंग्लंडमध्ये 2021 च्या पर्यावरण कायद्याने कौन्सिलचं काम सोपं केलं. पूर्वी कोर्टात जावं लागे, आता धूर दिसला तर 175 ते 300 पाउंडांचा दंड थेट होऊ शकतो. सूट नसलेल्या उपकरणासाठी अमान्य इंधन विकत घेतलं तर 1,000 पाउंडांपर्यंत.

पण तुमच्या रागात एक खरी गोष्ट आहे आणि दुकानदार ती कधी सांगत नाहीत. ही यादी म्हणजे स्वच्छतेचं प्रमाणपत्र नाही, ती एका जुन्या कायद्यातली पळवाट आहे, अधिकृत पळवाट. चाचणीची मर्यादा अशी: ताशी 5 ग्रॅम धूर, अधिक दर 0.3 किलोवॅट उष्णतेमागे 0.1 ग्रॅम. 5 किलोवॅटच्या स्टोव्हला ताशी साधारण 6.7 ग्रॅम होतात. संध्याकाळी चार तास पेटवला तर मर्यादेतच राहूनही सव्वीस-सत्तावीस ग्रॅम. धुराड्यावर काही दिसणार नाही, पण हवेत गेलेलं गेलंच.

म्हणून लेखात मी दोन्ही अटी घातल्या होत्या: स्टोव्ह यादीत हवा आणि इकोडिझाइनचाही हवा. लोक या दोन गोष्टी एकच समजतात. इकोडिझाइनचा नियम 1 जानेवारी 2022 पासून लागू झाला. त्यात काचेचं दार असलेल्या बंद वुडबर्नरला दर घनमीटर धुरात 40 मिलिग्रॅम कणांची मर्यादा आहे आणि हंगामी कार्यक्षमता किमान 65 टक्के लागते. कार्बन मोनॉक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि न जळालेले सेंद्रिय वायू यांनाही मर्यादा आहेत. यादीतले जुने काही स्टोव्ह या कसोटीवर तपासलेलेच नाहीत. उलट इकोडिझाइनचा शिक्का असलेला एखादा स्टोव्ह डेफ्राच्या यादीत नसतो, आणि मग बर्मिंगहॅममध्ये तो लाकडासाठी निरुपयोगी. धंद्यातल्या संस्थांच्या क्लिअरस्काइजसारख्या श्रेणी आहेत, त्या निवडताना उपयोगी पडतात, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांना यादीची जागा घेता येत नाही.

आता ट्रक. 750 पटीचा आकडा खोटा नाही. इकोडिझाइनच्या मर्यादेनुसार स्टोव्हला दर गिगाज्यूल ऊर्जेमागे 375 ग्रॅम कण सोडायला परवानगी आहे, नव्या अवजड ट्रकला 0.5 ग्रॅम. म्हणजे दोन कायदेशीर मर्यादांची, सारख्याच ऊर्जेमागची ही तुलना आहे. तुमच्या दिवाणखान्यातला स्टोव्ह रस्त्यावरच्या 750 ट्रकांइतका धूर सोडतो, असा तिचा अर्थ होत नाही, कारण ट्रकचं इंजिन ताशी कितीतरी जास्त ऊर्जा खर्च करतं. आणि गंमत अशी, की त्याच इकोडिझाइन नियमात मोजायच्या पद्धती एकाहून अधिक आहेत. गरम फिल्टरवर मोजलं तर 40 मिलिग्रॅम. धूर थंड हवेत मिसळून मोजला तर दर किलो सुक्या लाकडामागे 5 ग्रॅम, किंवा चाचणीच्या प्रकारानुसार 2.4 ग्रॅम. धूर गार झाला की त्यातली वाफ थिजून कण होते, आणि गरम फिल्टरला ती सापडतच नाही. जाहिरातीतला आकडा वाचताना कोणत्या पद्धतीचा आहे ते विचारा. बहुतेक वेळा समोरचा माणूस गडबडतो.

38 टक्के मात्र जुने झाले. 2022 मध्ये सरकारने स्वतःच तो अंदाज 17 टक्क्यांवर आणला, कारण लोक प्रत्यक्षात किती लाकूड जाळतात याचा आधीचा हिशोब फुगलेला निघाला. स्टोव्ह विकणाऱ्यांनी त्यावर आनंदोत्सव केला. मला त्यात साजरं करण्यासारखं काही दिसत नाही. घरात बहुतेकांकडे रेडिएटर असताना नुसत्या लाकडापायी 17 टक्के, हा आकडा लहान कसा म्हणायचा?

आणि घराच्या आतलं काय? यावर मी राहते त्याच शहरातला अभ्यास आहे. 2020 मध्ये शेफिल्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी इथल्या 19 घरांमध्ये मोजणी केली. सगळे स्टोव्ह सूट मिळालेले होते. स्टोव्ह पेटलेला असताना खोलीतले कण सुमारे तिप्पट झाले आणि सगळ्यात मोठी उसळी आली ती लाकूड घालायला दार उघडलं तेव्हा. जे वारंवार दार उघडत होते त्यांच्या वाट्याला जास्त आलं. दमेकरी, तान्हं मूल किंवा हृदयाचं दुखणं असलेलं कुणी घरात असेल तर माझं उत्तर सरळ आहे: घेऊ नका. त्या पैशांत पोटमाळ्यावर इन्सुलेशन घाला.

तुमचा तिसरा आक्षेप मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण बहुतेक घरांत धूर होतो तो इथेच. मोठा स्टोव्ह म्हणजे जास्त ऊब, असं दुकानात सांगतात. हिशोब करून बघा. इथल्या धंद्यात ढोबळ नियम आहे: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये काढायचं आणि 14 ने भागायचं. टेरेस घरातली (ओळीत एकमेकांना चिकटून बांधलेल्या घरांपैकी एकातली) नेहमीची पुढची खोली, 4 बाय 4 मीटर, छत 2.7 मीटर. घनफळ 43, भागिले 14, म्हणजे 3 किलोवॅटच्या आसपास. भिंती जुन्या, खिडक्या गळक्या धरल्या तरी 4 किंवा 5. त्या खोलीत 8 किलोवॅटचा बसवला की अर्ध्या तासात स्वेटर काढायची वेळ येते. मग माणूस काय करतो? आत जाणारी हवा कमी करायला स्टोव्हचा दांडा आत ढकलतो. ज्वाळा पडते, लाकूड नुसतं धुमसत राहतं, काच काळी होते आणि धुराड्यातून पिवळट धूर शेजारच्यांच्या बागेत उतरतो. लाकडातला बराचसा जीव वायूंमध्ये असतो. ते वायू जळायला वरून गरम हवा आणि मोकळी ज्वाळा लागते. हवा तोडली की ते न जळताच वर जातात, काही धूर म्हणून बाहेर पडतात आणि काही धुराड्याला आतून डांबरासारखे चिकटतात. धुराड्याला आग लागते ती या थरामुळे.

सूट मिळवणाऱ्या बहुतेक स्टोव्हमध्ये म्हणूनच एक अडसर असतो. दांडा पूर्ण आत जाऊच शकत नाही, काचेवरून येणारी हवा थोडी तरी चालूच राहते. काही बहाद्दर रात्रभर निखारा टिकावा म्हणून त्या अडसराचा स्क्रू काढून टाकतात. तो काढला की सूटही गेली, कारण चाचणी झाली ती त्या अडसरासकट.

छोटा स्टोव्ह भरपूर ज्वाळेने जाळा, हाच नियम. आणखी एक फायदा: 5 किलोवॅटपर्यंत जुन्या, हवा खेळणाऱ्या घरात भिंतीला कायमचा झरोका पाडावा लागत नाही. त्यापुढे प्रत्येक किलोवॅटमागे 550 चौरस मिलिमीटर उघडी जागा लागते, म्हणजे 8 च्या स्टोव्हला 1,650. नवीन, हवाबंद घर असेल तर पहिल्या किलोवॅटपासूनच लागते. दुकानदार 8 चा खपवताना ही गार हवेची फट सांगत नाही.

लाकडावर मागच्या लेखात मी पुरेसं लिहिलं होतं, म्हणून आता एवढंच. इंग्लंडमध्ये मे 2021 पासून 2 घनमीटरपेक्षा कमी मापात विकल्या जाणाऱ्या सरपणात ओलावा 20 टक्क्यांच्या आत असावा लागतो, पिशवीवर ‘रेडी टू बर्न’चा शिक्का बघा. घरी मोजायचं तर ढलपी फोडून आतल्या ताज्या बाजूला मीटर टोचा, टोकाला नको, टोक सगळ्यात आधी सुकतं. आणि मीटर सुक्या वजनावर ओलावा दाखवत असेल तर 25 चा आकडा म्हणजे सरपणाच्या हिशोबातले 20. या फरकामुळे उगाच चांगलं लाकूड परत करणारे लोक मला भेटले आहेत. ताज्या तोडलेल्या, निम्मं पाणी असलेल्या लाकडात किलोमागे जेमतेम सव्वादोन युनिट उष्णता असते, सुकलेल्यात चारच्या वर. कारण निम्मं वजन पाण्याचंच असतं आणि ते उकळण्यातही थोडी उष्णता जाते, आणि तुम्ही त्या पाण्याचेही पैसे मोजलेले असतात.

आता चूल. तुमचं वाक्य मनाला लागलं, ते कबूल. पण दोन्ही गोष्टी एका तागडीत घालू नका. गावची चूल उघडी असते, बहुतेक घरांत तिला धुराडं नसतं, बाई तिच्या तोंडाशी बसून सकाळ-संध्याकाळ तासन्‌तास स्वयंपाक करते आणि तिच्यापुढे दुसरा पर्याय नसतो. 2016 मध्ये उज्ज्वला योजना आली ती याच कारणाने, आणि सिलिंडर परत भरायला पैसे नाहीत म्हणून कितीतरी घरांत चूल अजून पेटते. इथे मुद्दा चैनीचा आहे, हे मी नाकारत नाही. गॅस किंवा हीट पंप असलेल्या घरात वुडबर्नर ही चैनच.

तुलना करायचीच तर मी निर्धूर चुलीशी करेन. 1980 च्या दशकात सरकारी कार्यक्रमातून त्या गावोगाव बसल्या. आराखडा बरा होता. पण धुराड्यातली काजळी कुणी काढली नाही, मोठं पातेलं बसावं म्हणून तोंडं फोडली गेली, आणि कितीतरी चुली पुन्हा धुरकट झाल्या. इथे स्क्रू काढणारे आणि वर्षानुवर्षं धुराडं न झाडणारे लोक वेगळं काय करतात? लाकूड जाळणाऱ्याने वर्षातून दोनदा स्वीप (धुराडं झाडणारा) बोलवावा असं सांगितलं जातं. माझ्या ओळखीत हे पाळणारे फार नाहीत.

शेजाऱ्यांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, तरी एक सांगते. शेफिल्ड टेकड्यांमध्ये वसलेलं आहे. हिवाळ्यात वारा पडला, आकाश निरभ्र असलं की गार हवा दरीत साचते आणि धूर वर जातच नाही. नेमकी अशीच संध्याकाळ शेकोटीची वाटते. त्या दिवशी यादीतला, इकोडिझाइनचा, सुक्या लाकडाचा स्टोव्हही मी पेटवत नाही. कायदा मला अडवत नाही, पण खाली राहणाऱ्या घरांना श्वास घ्यायचा असतो.

राहिला तुमचा 150 पाउंडांचा सौदा. विक्रेत्याकडून मागच्या किंवा खालच्या पट्टीचा फोटो मागवा. त्यावर कंपनी आणि मॉडेलचं पूर्ण नाव असतं. ते डेफ्राच्या यादीत अक्षरशः तसंच शोधा, शेवटचं एखादं अक्षरसुद्धा महत्त्वाचं असतं, कारण एकाच मॉडेलचा साधा आणि धूरबंदीचा असे दोन प्रकार निघतात. यादीत नसेल तर बर्मिंगहॅममध्ये त्यात लाकूड जाळता येणार नाही. आत जाळी आणि राखेचा ट्रे असलेला मल्टिफ्युएल असेल तर धूरविरहित इंधनावर चालेल, फक्त लाकडासाठी बनवलेला असेल तर तेही नाही. यादीत असला तरी आतल्या व्हर्मिक्युलाइटच्या (उष्णता सोसणाऱ्या) पाट्या, वरचा बॅफल (ज्वाळेच्या वरची आडवी पाटी) आणि दार घट्ट बसवणारी दोरी तपासा, आणि हवेच्या दांड्याचा अडसर जागेवर आहे ना ते बघा. बसवताना हेटासकडे (स्टोव्ह बसवणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था) नोंदलेला माणूस घ्या, नाहीतर कौन्सिलच्या बिल्डिंग कंट्रोलला कळवावं लागतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लागेलच. धुराड्याच्या आत घालायची स्टीलची नळी (लायनर) आणि मजुरी धरली की स्टोव्हची किंमत एकूण खर्चात बारकी होते, तेव्हा 150 पाउंड वाचवण्यावर फार अडून बसू नका. फोटो मिळाला की इथेच खाली टाका, मी यादीत शोधून सांगते.