वसईच्या तटाला सिमेंट लावू नका

परवा पुतण्याचा फोन आला. "काका, रविवारी किल्ल्यावर येताय ना? आम्ही चार गोणी सिमेंट सांगितलंय." कशाला, म्हणून विचारलं तर त्याने एक मेसेज पाठवला. तो त्याआधी माझ्याकडे पाच ग्रुपांवर येऊन गेला होता, मी उघडलासुद्धा नव्हता. सारांश असा: चिमाजीअप्पांचा वसईचा किल्ला ढासळतोय, सरकार झोपलंय, प्रत्येकाने एक गोणी सिमेंट द्या, तटावरची झाडं उपटा, पडलेले बुरूज नव्यासारखे उभे करा. किल्ला युनेस्कोच्या यादीत आलाय, तो टिकवा. आणि खर्चाची काळजी नको, पोर्तुगीजांचं सोनं तटातच पुरलेलं आहे.

आमची पोरं खरोखर तळमळीने निघाली आहेत. म्हणूनच हा मेसेज लिहिणाऱ्याचा संताप येतो.

आधी सिमेंटचं बघू. मेसेज म्हणतो, चुना कच्चा आणि सिमेंट पक्कं. अरे, १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांना दिली, त्यानंतर हा तट उभा राहिला. पोर्टलंड सिमेंटचं पेटंटच मुळी १८२४ चं. मग मधली जवळजवळ तीन शतकं खाऱ्या वाऱ्यात आणि कोकणच्या पावसात हा दगड कुणी धरून ठेवला? त्याच कच्च्या चुन्याने. चुना मऊ असतो, हाच त्याचा गुण. भिंतीत शिरलेलं पाणी तो बाहेर सोडतो, दगड किंचित हलला तर सांभाळून घेतो. बारीक भेगेत पाणी गेलं की चुना थोडा विरघळतो आणि तिथेच पुन्हा बसतो. सिमेंट हट्टी. ते तोंड बंद करतं, आतलं पाणी आतच राहतं, मीठ साचतं आणि मागचा जुना चुना सुटत जातो.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर माझ्याबरोबर चला. आतल्या एका पडक्या भिंतीत कुणीतरी केव्हातरी सांधे सिमेंटने भरलेत. पावसाळा संपता संपता मी तिथे बोट लावून पाहिलं. सिमेंटची करडी पट्टी तशीच, टणक. तिच्या कडेचा चुना मात्र ओल्या राखेसारखा बोटाला लागला, भुगा होऊन खाली पडला. दगडावर मिठाचा पांढरा थर आलेला. शेजारच्या भिंतीला कुणी हात लावला नव्हता, तिथला सांधा नखानेही उकरला गेला नाही. चुनकळी, म्हणजे भाजलेल्या चुन्याचे खडे, पाण्यात विरवून, मुरवून, चुन्याच्या घाण्यात मळून लावायची असते. त्याला महिने जातात आणि जाणता गवंडी लागतो. रविवारच्या एका सकाळी, थापीने, हे होत नाही.

झाडांचंही तेच. पिंपळाचं मूळ तटाच्या पोटात वितीवितीने गेलेलं असतं. वरून ओढलंत तर मुळाबरोबर दगड येतील, आणि एखादा खाली उभ्या असलेल्या पोराच्या डोक्यात. ते टप्प्याटप्प्याने छाटून, मूळ जागेवरच मारून, पोकळी भरत जायचं असतं.

"नव्यासारखा उभा करा" हे वाक्य मला सगळ्यात लागलं. मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून किल्ला घेताना चिमाजीअप्पांच्या मराठ्यांनी सुरुंग लावून सॅन सेबॅस्टियन बुरूज उडवला आणि खिंडारातून आत घुसताना कितीतरी माणसं पडली. पुढे १७८० मध्ये इंग्रजांनी याच तटावर तोफा डागल्या. कुठलं खिंडार सुरुंगाचं, कुठलं तोफेचं आणि कुठलं नुसत्या पावसाचं, हे अभ्यासकाला त्या पडक्या दगडांवरूनच कळतं. ते लिंपून टाकणं म्हणजे ज्यांच्या नावाने तुम्ही गोण्या गोळा करताय, त्यांच्या पराक्रमाचाच पुरावा पुसणं.

युनेस्कोचं सांगायचं तर २०२५ मध्ये यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत वसई नाही. संपला विषय. सोन्याचंही तसंच. १७३९ च्या शरणागतीच्या अटींत पोर्तुगीजांना आपली चीजवस्तू घेऊन जायची मुभा होती. मागे राहिल्या त्या चर्चच्या घंटा, आणि त्यांतल्या काही आज मेणवलीला, भीमाशंकरला, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळात टांगलेल्या दिसतात. तट खणून सोनं शोधायला जाल तर तटच बसेल.

आणि कायदा. वसईचा किल्ला केंद्र संरक्षित स्मारक आहे. १९५८ च्या प्राचीन स्मारकांच्या कायद्याचं कलम ३० वाचा: संरक्षित वास्तूची मोडतोड केली, ती विद्रूप केली किंवा तिच्यात फेरफार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. २०१० च्या दुरुस्तीने शिक्षा वाढवली ती उगाच नाही. "आमचा हेतू चांगला होता" हे तिथे चालत नाही, आणि मेसेज लिहिणारा कोर्टात तुमच्या शेजारी उभा राहणार नाही.

एक गोष्ट मान्य करतो, नाइलाजाने. दुरुस्ती फार संथ चालते. पावसाळ्यानंतर झाडी माजते, राखणदार अपुरे पडतात, लोक भिंतींवर नावं कोरून जातात. या चिडीत खोटं काही नाही. पण ती चीड वापरायची तर भेगेचा तारखेसह फोटो काढा, पुरातत्त्व खात्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या, महिन्याने पुन्हा जाऊन विचारा. बाटल्या आणि प्लास्टिक उचलायला तर कुणाच्या थापीची गरज नाही.

पुतण्याला सांगितलंय, सकाळी सात वाजता चिमाजीअप्पांच्या स्मारकापाशी येतो. पोती मी आणतो, रिकामी. सिमेंटवाल्याला त्याने आजच नाही म्हणून कळवायचंय.