एक स्टेडी मिळेल का हो

उसाच्या चरकाचा शाफ्ट. दोन इंच जाड, अडीच फूट लांब, एका टोकाला मधोमध भोक पाडून आत आटे पाडायचे, बस्स एवढंच काम. रसवंतीवाल्या मित्राला मी "आण की, तासाभरात करून देतो" म्हणालो आणि तो तासाभर पावणेदोन महिने चालला.

माझी लेथ, म्हणजे लोखंड फिरवत ठेवून कातायचं मशीन, रिटायर झाल्यावर फंडातनं घेतलेली सहा फुटी, पट्ट्यावर चालणारी, जुनी. घेताना विकणाऱ्यानं ट्रू चक, डॉग चक (काम पकडून फिरवणारे पंजे), गिअर सगळं मोजून दाखवलं. स्टेडीचं, म्हणजे लांब दांड्याला फिरताना आधार देणाऱ्या कडीचं विचारलं तर म्हणाला, "त्येचं काय काम पडत न्हाई बगा." मी पण मान डोलावली, कारण खरं सांगायचं तर काय काम पडतं ते मलाही नीट माहीत नव्हतं.

आता माहीत आहे. एरवी लांब जॉबचं, म्हणजे कातायच्या तुकड्याचं एक टोक चकात आणि दुसरं टेलस्टॉकच्या (समोरच्या टोकाचा सरकता ठोकळा) टोकदार सेंटरवर धरतात. पण त्या टोकालाच भोक पाडायचं असेल तर टेलस्टॉकला ड्रिल लावावं लागतं, मग जॉब धरणार कोण? शाफ्ट चकामागच्या पोकळ स्पिंडलच्या आत सरकवून आखूड करावा तर माझ्या स्पिंडलचं भोक दीड इंच आणि शाफ्ट दोन इंच. तिथं स्टेडी लागते. बीडाची म्हणजे ओतीव लोखंडाची कडी, बेडवर (लेथच्या लांब पाठीवर) घट्ट उभी, आत तीन बोटं. वरातीत झिंगलेल्या पाहुण्याला तिघांनी तीन बाजूंनी धरावं तसं, म्हणजे तो फिरला पाहिजे पण पडला नाही पाहिजे.

नवीनची चौकशी केली. समोरच्यानं पहिलाच प्रश्न विचारला, मेक कुठला? माझ्या लेथच्या नेमप्लेटवर हिरव्या ऑइलपेंटचे इतके थर की नेमप्लेट कुठंय तेच हातानं चाचपून शोधावं लागलं. अख्खी दुपार खरवडल्यावर 'मेड इन' एवढंच वाचता आलं. मग ऑर्डरनं बनवून घ्यायचा भाव ऐकला आणि फोन हळूच ठेवला, तेवढ्या पैशात मित्राला चरकच नवा घेऊन देता आला असता (देणार नव्हतो, पण हिशोब आपला करून ठेवायचा, अकाउंटमध्ये तीस वर्षं काढलीत).

मग उद्यमनगर. कोल्हापुरात लोखंडाचं काही अडलं की माणूस आधी उद्यमनगरात जातो, देवाकडे नंतर. जाताना मी तयारीनं गेलो. चकात दोन इंची सरळ बार धरला, बेडपासून बारच्या माथ्यापर्यंत माप घेतलं, त्यातनं बारची निम्मी जाडी वजा केली, साडेआठ इंच सेंटर हाइट, म्हणजे बेडपासून बारच्या मध्यापर्यंतची उंची आली. बेडला पुढच्या बाजूला व्ही आकाराचा उंचवटा आणि मागं सपाट, त्याचा आकार मुलीच्या कॉलेजच्या प्रोजेक्टच्या पुठ्ठ्यावर कात्रीनं कापून घेतला. तो पुठ्ठा घेऊन मी चार दिवस भंगारवाल्यांच्या ढिगाऱ्यांवर चढउतार करत होतो आणि लोक मला मुलगी बघायला आलेल्या पार्टीसारखं विचारत होते, "मग, जमलं का कुठं?"

स्टेडी सात दिसल्या. दोघींची सेंटर हाइट दहा इंच. इथं एक नियम कळला, स्टेडी बुटकी असली तर खाली पॅकिंग देता येतं, उंच असली तर फक्त हळहळता येतं. एक बरोब्बर होती पण मोडलेली, वर कुणीतरी साध्या रॉडनं वेल्डिंग मारलेलं आणि शेजारूनच नवीन चीर गेलेली. बीडाला असं घाईत डागलं की ते थंड होताना टणकन तडकतं. उरलेल्यांत एक साडेसहा इंची, धडधाकट. ढिगात होती तोवर भंगार होती. मी ती उचलून फुंकर मारली आणि तिथंच चुकलो. "काका, ती स्टेडी हाय, किलोवर न्हाई जायची!" मघाशी तूच किलोचा भाव सांगितलास की! पण नाही. माझं तोंड बघून त्यानं भाव ओळखला होता. वीस मिनिटं घासाघीस केली, दोनदा उठून निघून गेलो, दोनदा त्यानं बोलावलं नाही, मीच परत आलो.

मग शेपरवाला, म्हणजे मशीनवर लोखंड रंधून देणारा. स्टेडीचं बूड तिच्या जुन्या मशीनच्या बेडच्या आकाराचं, ते आधी सपाट करायला लागलं, त्यात अर्धा इंच गेला. म्हणजे उंची भरून काढायला तिच्याखाली द्यायचा ब्लॉक दोनाच्या जागी अडीच इंचाचा झाला. जाड प्लेटचा तुकडा गॅसनं कापून आणला, पुठ्ठा दिला आणि निर्धास्त घरी आलो. तीन दिवसांनी बघतो तर व्ही मागच्या बाजूला! पुठ्ठ्याला दोन बाजू असतात हे मी सांगायचं विसरलो होतो. मी पुठ्ठ्याला, शेपरवाल्याला आणि स्वतःला या क्रमानं बोललो. शेपरवाला शांतपणे तंबाखू मळत होता. शेवटी झाडलोट करणारं पोरगं म्हणालं, "काका, गरकन फिरवून ठेवा की."

फिरवला. व्ही पुढं आला. ब्लॉक तो, त्याला पुढचं मागचं काय. बोल्टाची भोकं अजून पाडायचीच होती म्हणून वाचलो. पोराला वडापाव दिला आणि विषय तिथंच मिटवला.

बोटांची टोकं झिजलेली होती, तिथं जुन्या बुशातला गनमेटलचा (तांब्याच्या मिश्रधातूचा) तुकडा कापून बसवला. आणि एका रविवारी शाफ्ट लावला, अंदाजानं तिन्ही बोटं टेकवली, लेथ सुरू केली. पाच मिनिटांनी चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "तो बाहेर यायला लागलाय." मी म्हटलं कोण? शाफ्ट! चकातनं गोगलगायीच्या चालीनं, पण अगदी ठरवून निघाल्यासारखा बाहेर सरकत होता. स्टेडी सेंटरला नसली की प्रत्येक फेऱ्याला जॉब किंचित वाकडा खेचला जातो आणि चकातनं अंग सोडवून घेतो. बटण बंद करताना चहा सांडला तो वेगळा.

गल्लीतल्या जुन्या टर्नर मामांना बोलावलं. त्यांनी स्टेडी उचलून पार चकाला चिकटवली. तिथं शाफ्ट सरळच फिरतो ना, मग बोटं तिथंच लावायची. एकेका बोटाखाली वर्तमानपत्राची चिठ्ठी घालून ती जेमतेम ओढली जाईल इतपतच टेकवायची, आवळायची नाही. चिठ्ठ्या काढायच्या, बोटं लॉक करायची आणि मग अख्खी स्टेडी टोकाकडं सरकवायची. "अन् तेल घाल, नायतर बोटं खातील शाफ्टाला." बोटं सुटी सुटी हलतात म्हणून ब्लॉकच्या उंचीतला माझा बारीकसारीक फरकसुद्धा त्यात खपून गेला. चाळीस मिनिटांत भोक, आटे, सगळं झालं. म्हणजे तासाभरात करून देतो म्हणालो होतो ते काही खोटं नव्हतं.

परवा उद्यमनगरात गेलो तर शेपरवाल्यानं माझा पुठ्ठा खिळ्याला अडकवून ठेवलेला. त्यावर खडूनं मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'हिकडं म्होरं'. दोन्ही बाजूंना.

मित्राचा चरक घुंगरं वाजवत झक्कास चालू आहे. मोठ्या मानानं त्यानं बसवलं, आलं-लिंबू घालून ग्लास हातात दिला, आजूबाजूच्या गिऱ्हाइकांना माझी ओळख करून दिली. दुसरा ग्लासही त्यानंच आग्रह करून दिला. त्याचे वीस रुपये घेतले.